पायगुण

खानापूर हे स्टेशन मला दोन दिवसांत दोनदा लागलं. पहिल्या दिवशी उदगीरहून बिदरला जाताना आत्या म्हणाली, "खानापूर आलं." दुसऱ्या दिवशी सकाळी बिदरहून कलबुर्गीच्या गाडीत बसलो, जरा पाय पसरतोय तोवर पुन्हा तीच पाटी. आत्या दचकून उठली. "अरे, हे काल गेलं होतं की! आपण माघारी घरी निघालोय का काय?"

चूक तिची नव्हती. कलबुर्गीचा फाटा खानापूरलाच फुटतो. पण आम्ही उदगीरचे, आणि आमची गाडी सुटणार बिदरहून. म्हणून खानापूर ओलांडून बिदरला जायचं आणि मग पुन्हा खानापूरला यायचं. आत्याला मी हे बोटानं खिडकीच्या धुळीवर काढून दाखवलं. तिला ते पटलं. देवाची वाट सरळ असती तर नवस बोलायची गरज काय, असं तिचं म्हणणं.

नवस गाणगापूरचा होता. नातवाला नोकरी लागली की दत्तमहाराजांच्या पादुकांचं दर्शन घेईन, असं तिनं बोलून ठेवलं होतं. नातवाला नोकरी लागली आणि नोकरी लागल्यामुळे रजा मिळेना, म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबरोबर भाचा म्हणून माझी नेमणूक झाली.

हा रस्ता तसा जुन्या रहदारीचा. बहमनी सुलतानांनी १३४७ मध्ये कलबुर्गीला राजधानी केली आणि पुढच्या शतकात ती उचलून बिदरला नेली. तख्त गेलं, दरबार गेला, हत्ती गेले. आगगाडीला मात्र जरा उशीर झाला. बिदर आणि कलबुर्गी जोडणारा एकशे दहा किलोमीटरचा लोहमार्ग १९९० च्या दशकात मंजूर झाला आणि २९ ऑक्टोबर २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. मंजुरीची बातमी ज्यांनी शाळेत ऐकली, ते आपली पोरं कडेवर घेऊन गाडी बघायला आले असतील.

बिदरला एक दिवस मिळाला होता. महमूद गवानाचा १४७२ सालचा मदरसा आत्यानं रिक्षातूनच पाहिला आणि "मोठा वाडा आहे" असा शेरा दिला. पण नौबादचं कारेझ बघायला ती आपण होऊन उतरली. जमिनीखालून भुयार खणून दूरचं पाणी गावाकडे आणायचं आणि वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवायची, ही इराणकडची विद्या बहमनींच्या काळात इथं आली. आत्या एका तोंडाशी उभी राहिली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "पायाखालून पाणी जातं आणि कुणाचा हात लागत नाही. म्हणजे सोवळ्यातलंच की."

तेव्हा मी हसलो. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मला जड जाणार होतं.

आत्याचं सोवळं आता बरंच सैल झालंय, पण शरीराला लागलेल्या सवयी सुटत नाहीत. ती दार कोपरानं ढकलते. नळ मनगटाच्या मागच्या बाजूनं फिरवते. दिव्याचं बटण पदराच्या टोकानं दाबते आणि पाट पायानं सरकवते. तळहात हा तिच्या मते फक्त देवासाठी आणि कणकेसाठी आहे. गाडीत तिच्यासोबत तांब्याचा गडू होता, दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि समोरच्या बाकावरचा माणूस आपल्या गडूला शिवेल अशी भीती होती.

हळ्ळीखेड गेलं आणि मला जाऊन येणं भाग पडलं.

डबा नवा होता. संडासही नवा, स्टीलचं भांडं लख्ख. मगाची साखळी जागेवर होती. मग नव्हता, कुणी तरी त्याची बंधनातून मुक्तता केली होती. कार्यभाग उरकला आणि मी पाणी सोडण्याची कळ शोधू लागलो. भिंतीवर कळ नाही, लोंबती दोरी नाही, खटका नाही. एक स्क्रू दाबला. तो स्क्रूच होता. एक गोल झाकण दाबलं. त्याच्यामागे काही नव्हतं. मग विमानतळावर भिंतीसमोर नुसता हात हलवला की पाणी येतं हे आठवलं, म्हणून चारी भिंतींसमोर हात हलवले. आरती करावी तसा मी त्या खोलीत गोल फिरलो. पाणी आलं नाही.

शेवटी दार बोटभर उघडलं. बाहेर तिघं रांगेत उभे: आमच्या समोरच्या बाकावरचे, पटका बांधलेले भालकीकडचे काका, हातात फाईल घेतलेले मास्तरांसारखे गृहस्थ आणि कानात वायर घातलेला एक पोरगा.

"इथं फ्लश कुठं आहे हो?" मी विचारलं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "कै ब्याड. कालु."

मला ऐकू आलं, "काय बॅड, काल!" म्हटलं, काल या डब्यात काही तरी वाईट घडलेलं दिसतंय. "कालचं जाऊ द्या हो," मी म्हणालो, "आजचं काय करायचं?"

"कै ब्याड!" मास्तरांचा आवाज चढला. "कालु! कालु!" आणि त्यांनी एक पाय उचलला.

लाथ येतेय असं समजून मी दार ओढून घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आत्या ओरडली, "काय म्हणतात रे ते?"

"काल काही तरी वाईट झालं म्हणतात."

"काल नाही, आजच झालंय म्हणावं! आणि तू बाहेर ये लवकर, मला जायचंय."

सगळा डबा हसला. मग त्या पोरानं कानातली वायर काढली आणि दख्खनीत निवाडा दिला. "चच्चा, कन्नड में कै मतलब हात, कालु मतलब पाँव. हात नक्को, पाँव से दबाव."

सीमेवरच्या भाषेची ही खोड मला जन्मभर पुरेल. कन्नडातला हात मराठीत आला की प्रश्न होतो, आणि पाय आला की भूतकाळ.

मी खाली पाहिलं. भांड्याच्या शेजारी, जमिनीपासून चार बोटं वर, स्टीलची एक पट्टी होती. ती मी आल्याआल्याच पाहिली होती. तिच्यावर पाय पडू नये म्हणून तर इतका वेळ अंग चोरून उभा होतो! आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार, केरसुणीला लागला तर नमस्कार, आणि माणसाला लागला तर नमस्कार करून वर "चुकून लागला" असंही म्हणायचं. कुठल्याही वस्तूला मुद्दाम पाय लावायचा असतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी अंगठ्यानं पट्टीला हळूच स्पर्श केला. काही नाही. बाहेरून पटकेवाले काका म्हणाले, "भार द्या की मालक, इंचू थोडाच हाय त्यो!" मी भार दिला. पाणी असं कोसळलं की माझाच तोल गेला.

माझ्यानंतर आत्या आत गेली. मी तिला समजावून सांगणार होतो, पण तिनं दार कोपरानं लोटलंसुद्धा. काही वेळानं आतून पाण्याचा आवाज आला आणि आत्या बाहेर आली. चाळीस वर्षं पायमशीनवर पोलकी शिवलेली बाई ती. शिवाय तिच्या सासऱ्यांची कीर्तनातली पायपेटी होती. पायाखाली पट्टी दिसली की दाबायची, एवढं तिला उपजतच कळत होतं.

"किती शहाणी माणसं आहेत रे ही!" ती गडू सावरत म्हणाली. "हाताला काही कामच ठेवलं नाही. मला वाटलं, कुणी आपल्यातल्याच बाईनं बनवलंय."

यंत्र तसं साधं. पट्टी दाबली की खालचा दांडा सरकतो, स्प्रिंगनं मिटलेला व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं पाणी सुटतं. पाय उचलला की स्प्रिंग आपलं काम करते आणि पाणी बंद. म्हणजे नळ उघडा टाकून निघून जायची सोयच नाही. युरोपातल्या जुन्या गाड्यांत असं पायडल दाबलं की भांड्याच्या तळाचं झाकणही उघडायचं आणि खालून धावणारे रूळ दिसायचे. आपल्याकडे झाकणाचीही भानगड नव्हती; रूळ कायमच दिसत. म्हणून तर गाडी स्टेशनात उभी असताना संडास वापरू नका, अशी पाटी असे, आणि ती वाचायला सगळ्यांना वेळ मिळे तो गाडी स्टेशनात उभी असतानाच.

त्याआधी तर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडासच नव्हते. बंगालच्या ओखिलचंद्र सेन यांचं १९०९ सालचं पत्र प्रसिद्ध आहे. फणस जास्त झाला म्हणून ते अहमदपूर स्टेशनला उतरले. हे अहमदपूर बंगालचं. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला गाडी चुकत नाही, कारण तिथं अजून गाडीच नाही. ओखिलबाबू बसलेले असतानाच गार्डानं शिट्टी फुंकली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, पडले, फलाटावरच्या बायाबापड्यांसमोर उघडे पडले आणि गाडी गेली ती गेलीच. त्यांनी रेल्वेला खरमरीत तक्रार धाडली आणि त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले, असं सांगतात. मला या पत्रात एकच गोष्ट दिसते: बाबूंचे दोन्ही हात गुंतलेले होते. रिकामे होते ते पाय. रेल्वेच्या संडासाचा जन्मच हात मोकळे नसलेल्या माणसाच्या पोटी झाला, पण ही गोष्ट ध्यानात यायला पुढे शंभर वर्षं जावी लागली.

लोकांना मात्र ती केव्हाच कळली होती. भिंतीवर हातानं दाबायचं बटण असलेला कुठलाही सार्वजनिक संडास बघा. बटणावर बुटाचा ठसा असतो. कमरेइतक्या उंचीवर पाय नेऊन, एका हातानं खिडकीचा गज धरून, हलत्या गाडीत बटण दाबणारे महाभाग मी पाहिले आहेत. हाताचं काम आम्ही पायानं करतो, आणि पायाचं दिलं की माझ्यासारखा एखादा भिंती चाचपत बसतो.

मग २०२० साल उजाडलं आणि जगाला हात लावण्याची भीती वाटू लागली. त्या वर्षी कपूरथळ्याच्या रेल्वे कारखान्यानं करोनाला तोंड देणारा डबा तयार केला. नळ पायानं, साबण पायानं, संडासाचं दार पायानं, फ्लश पायानं. डब्याच्या दाराची मूठ कोपरापुढच्या हातानं सरकवायची. आणि धरायच्या दांड्यांवर, कड्यांवर तांब्याचा मुलामा, कारण तांब्यावर जंतू फार काळ टिकत नाहीत.

मी हे आत्याला सांगितलं. ती ऐकत गेली आणि शेवटी गडूकडे पाहत म्हणाली, "म्हणजे माझं स्वयंपाकघर रुळावर घातलं की!"

खरंच होतं. कोपर, पाय, तांबं. इंजिनिअरांनी आत्याची नक्कल उतरवली होती. एका बाबतीत मात्र ती उतरली नव्हती, आणि ते बरं झालं. आत्याच्या तरुणपणीचं सोवळं माणसाला शिवायचं नाही यासाठी होतं. कुणी शिवायचं नाही आणि का, हे जन्मावरून ठरलेलं असे. या पट्टीला फक्त पाय कळतो, पायाचं गोत्र कळत नाही. शिवाय डब्यातून रुळांवर जे पडायचं, ते साफ करायला माणसंच उतरत, आणि ती माणसं कोण असत हेही जन्मावरूनच ठरत आलं होतं. डीआरडीओ आणि रेल्वेनं मिळून डब्याखाली स्टीलच्या टाक्या बसवल्या. त्यांतले जंतू मैल्याचं पाणी आणि वायू करतात. २०१६ मध्ये रुळांवर काहीच न पडणारा पहिला मार्ग ठरला तो रामेश्वरकडचा, आणि चार-पाच वर्षांत बहुतेक सगळे डबे तसे झाले.

"पहिला मान रामेश्वराला दिला म्हणजे बघूनच दिला," आत्या म्हणाली. मग जरा विचारात पडली. "पण एकादशीला त्या जंतूंचे हाल होत असतील रे. साबुदाण्यानं कुणाला धड होत नाही."

हुमनाबादला तिनं तिथल्या संत माणिकप्रभूंना बसल्या जागेवरून हात जोडले. मरगुत्तीचा बोगदा आला तेव्हा गडू पोटाशी धरला. कमलापूरला पटकेवाल्या काकांनी तिथली लाल केळी पुढे केली. सकाळी जो माणूस गडूला शिवेल अशी धास्ती होती, त्याच्याच हातचं केळं आत्यानं सोलून खाल्लं आणि साल कुठं टाकायचं हे मला विचारलं. "संडासात नको हं," तीच म्हणाली. "जंतूंना सालं नसतील सोसत."

कलबुर्गी आलं. मास्तर उतरताना माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "कै कोडरी." मी झटकन पाय पुढे केला. त्यांना हस्तांदोलन करायचं होतं.

गाणगापूरला निर्गुण पादुकांचं दर्शन छोट्या झरोक्यातून होतं. आत्या तिथं बराच वेळ उभी होती. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, पण उदगीरला परतल्यावर आठवड्याच्या आत तिनं प्लंबरला बोलावलं आणि मोरीतल्या नळाला पायानं दाबायची पट्टी बसवून घेतली.

मी बघायला गेलो. आत्या नळासमोर उभी राहिली, डौलात पट्टी दाबली. पाणी आलं. हाताचा कुठं स्पर्श नाही. देवपूजेची घागर भरली. तिनं पाय उचलला आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम अपराधी भाव आला. पाणी म्हणजे गंगा, आणि गंगेच्या कळीला आपला पाय लागला! ती वाकली, पट्टीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग हाताकडे पाहिलं. पायाच्या जागेला लागलेला हात. आता तो धुवायला हवा. तिनं पट्टी दाबली, हात धुतला, पाय उचलला. पुन्हा पाय लागला होता.

मी चहा घेऊन निघालो तेव्हा ती चौथ्यांदा वाकत होती.