चावीकाका

वाशिमच्या पाटणी चौकात कुणालाही वेळ विचारा, खिशातून मोबाइल निघेल. चुकून चावीकाकांना विचारलीत, तर तुमची बस गेलीच म्हणून समजा. ते आधी मनगट कानाला लावतात, डोळे मिटतात आणि मग विचारतात, "कोणती सांगू? जनताची का पायलटची?" डाव्या मनगटावर एचएमटीची पायलट घडी असते, उजव्यावर एचएमटीचीच जनता. उजवी 'टेस्टिंगले' असते.

चावीकाका हा एक माणूस नव्हे, ती जमात आहे. कारंजात आहेत, रिसोडात आहेत, मंगरुळपीरला तर दोघं असून त्यांचं आपसांत बोलणं नाही. बहुधा निवृत्त मास्तर, नाहीतर एसटीतले कंट्रोलर. म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या उशिरावर शेरे मारलेली माणसं. सासऱ्यानं लग्नात दिलेली एचएमटी ही पहिली बाधा. तेव्हा वऱ्हाडात जावयाची मागणी घडी, सायकल, रेडिओ अशी ठरलेलीच असे. सायकल गंजली, रेडिओ मुका झाला. घडी मात्र अजून चावी मागते आणि काका ती रोज सकाळी दात घासायच्या आधी देतात.

तिला कुणी अस्सल स्वदेशी म्हटलं, की काका अडचणीत येतात. 1961 साली बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला तो जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून, त्यामुळे मागचं झाकण उघडलं की आत जपानी मशीन! हैदराबादच्या ऑल्विननं पुढं सेईकोशी सोयरीक केली. काकांच्या हिशेबी ही दोन गोत्रं. नियम मात्र लग्नाच्या उलटा, सुटा भाग सगोत्रातूनच आणायचा. ऑल्विनचा पार्ट घासूनपुसून जनतात बसवणाऱ्या घड्याळजीला ते वाळीत टाकतात. हात हलला की आपोआप चावी भरून घेणाऱ्या घड्याळाला 'आयतखाऊ' म्हणतात. सेलवालं घड्याळ त्यांच्या मते घड्याळच नव्हे, रेडिओचा चुलतभाऊ. आणि पोपटी तबकडी, केशरी काटे अशी रंगरंगोटी करून विकली जाणारी जुनी घड्याळं, ज्यांना परदेशी शौकीन नाक मुरडत 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ती काका दहा फुटांवरून ओळखतात. त्यांच्या कपाटात तसलं एक आहे. त्याबद्दल विचारू नये.

सर्व्हिसिंगचा मुहूर्त हमखास मे महिन्यात निघतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर स्टीलचं ताट आणि पंखा बंद, कारण वाऱ्यानं पार्ट उडतात. बाहेर पारा त्रेचाळीसवर, आत सगळं घर घामानं निथळतंय, आणि काका पेट्रोलच्या वाटीत एकेक चाक धूत सांगताहेत की जनतात सतरा खडे असतात, ती तासाला 18,000 ठोके टाकते, सेकंदाला पाच. "माणसाचं काळीज एवढं चालन का?" काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "पंखा लावा, नाहीतर माह्यं बंद पडते!" तेवढ्यात तिळाएवढी स्प्रिंग टण्णकन उडते. मग झाडू बंद, चालणं बंद. काका चुंबक घेऊन फरशीवर पालथे, आणि नातू टॉर्च धरून मागं. तबकडीवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं. घड्याळ पडलं तरी आतल्या नाजूक आसाला धक्का लागू नये, अशी ती सोय. काकूंसाठी तशी सोय कुठल्याच कंपनीनं काढली नाही.

जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हा काकांनी चक्क सुतक पाळलं. तेव्हापासून त्यांचं तेरवीला जाणं वाढलं. गेलेल्या माणसाच्या फोटोकडे ते फार वेळ पाहतात. लोकांना वाटतं, जीव हळहळला. काकांची नजर फोटोतल्या मनगटावर असते. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू आवाजात, "बाबाच्या घडीचं काय केलं बाप्पा?"

घड्याळ मागं पडतं असं मात्र त्यांना म्हणू नका. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या मध्यरेषेवरची गावं सांगितली, त्यात उज्जयिनीबरोबर वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिमही आहे. "अख्ख्या देशाचा टाइम आपल्या गावावरून जात होता, अन् आपण मिर्झापूरकडचा घेऊन बसलो!" यात तथ्य नाही असंही नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, वाशिम सत्त्याहत्तरच्या जरा पुढं. सूर्याच्या हिशेबानं आपण एकवीस-बावीस मिनिटं मागंच. म्हणून घड्याळ वीस मिनिटं मागं पडलं, की ते बिघडलेलं नसतं, ते वत्सगुल्माच्या वेळेवर असतं. पुढं गेलं, तर मात्र सर्व्हिसिंग.

दुरुस्तीचा पैसा काका घेत नाहीत. घड्याळच ठेवून घेतात. मागं एक पोरगा आपल्या वडिलांची जनता परत मागायला आला.

"काका, सहा महिने झाले."

"ऑब्झर्वेशनवर हाय. दिवसाले पंधरा मिनिटं पुढं पयते."

"अहो, बाबाच पंधरा मिनिटं पुढं ठेवत होते, एसटी चुकू नये म्हणून."

काकांनी जनता कानाला लावली, मान हलवली आणि ड्रॉवरमध्ये परत ठेवून दिली.

"मंग आणखी सहा महिने ठेवा लागते. तुह्या बाबाची सवय लागेल हाय तिले, मोडाले टाइम लागते."