म्हाताऱ्या मांजराला पातळ औषध पाजणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

(सोबत चित्रं नाहीत. काढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.)

साहित्य

मांजर : १. वय १२ ते १५ वर्षं. या वयात मूत्रपिंडं थकलेली, सांधे आखडलेले, दात दुखरे असू शकतात. नखं मात्र १८च्या १८ शाबूत असतात : पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पाठ करायची गरज नाही, एकेकाची ओळख होईलच.

औषध : डॉक्टरांनी लिहून दिलेलं, डोस १ मिली. बाटलीवर संत्र्याचं चित्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, कारण त्यासाठी लागणारा जीन त्याच्यात निकामी आहे. कडू मात्र उत्तम कळतं. संत्रं तुमच्या समाधानासाठी आहे.

सिरिंज : १ मिलीची. सुईसकट मिळाली तर सुई आधी काढून टाका.

टॉवेल : जुना, जाड. नवा घेतलात तर तोही लवकरच जुना होईल.

मदतनीस : १. ‘मांजरं माझ्याकडे आपणहून येतात’ असं म्हणणारे पाहुणे टाळावेत.

पूर्वतयारी

बेडरूमचं दार आधी लावून घ्या. सोफ्यावर चढताना दोनदा विचार करणारं संधिवाताचं मांजर बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की थेट कपाटावर जातं. माणसाची श्रवणशक्ती २० हजार हर्ट्झला संपते, मांजराची ६० हजारांच्या पुढे जाते. तेव्हा बाटली बाथरूममध्ये जाऊन हलवा. औषध फ्रीजमधलं असेल, तर भरलेली सिरिंज थोडा वेळ मुठीत धरा. चेहरा निर्विकार ठेवा. ‘ये गं माझी शोनी’ हे शब्द एरवी कधीच वापरत नसाल, तर आजही वापरू नका.

न चालणाऱ्या युक्त्या

दुधात मिसळणे : मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण औषधाच्या दुधापाशी ते दोन्ही डोळे उघडे ठेवतं. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही. मूळ दुखण्यात जुलाबाची भर पडते. अर्धी वाटी उरलीच, तर पोटात किती औषध गेलं याचा हिशोब कोणालाच लागत नाही.

माशात लपवणे : हे जास्त धोक्याचं. आजारी मांजराला एकदा संशय आला की ते मासाच सोडून देतं. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं, तर मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि हा दुसरा आजार पहिल्यापेक्षा गंभीर ठरू शकतो. म्हणून जेवणाची वाटी या कटकारस्थानात ओढू नका.

समजूत घालणे : मांजर सगळं शांतपणे ऐकून घेतं.

बारा वर्षं ज्याने तुम्हाला जवळून पाहिलंय, त्याला फसवता येत नाही. फक्त लवकर उरकता येतं.

कृती

१. पानाचा विडा वळतात तसं मांजर टॉवेलमध्ये वळा, फक्त तोंड बाहेर. सैल राहिलं तर फुकट : मांजराचं गळ्याचं हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. डोकं जिथून निघालं तिथून बाकीचं मांजरही निघतं.

२. टेबलावर ठेवा, पाठ तुमच्या पोटाकडे. मागे सरकायला जागा उरत नाही.

३. मान वर करू नका. आपण तीर्थ घेतो त्या थाटात मांजराचं तोंड आभाळाकडे केलं, तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं सरळ हवं.

४. समोरून हल्ला नको. सुळ्यामागे एक फट असते. ओठाच्या कोपऱ्यातून तिथे सिरिंजचं टोक आडवं सरकवा.

५. थोडंथोडं सोडा आणि मध्ये गिळू द्या. नाक चाटलं की बहुधा घोट उतरला.

६. तोंडाला फेस आला तर किंचाळू नका, कडू चवीने तो येतोच. ठसका लागला किंवा श्वास घेणं जड झालं तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

७. अर्धं औषध तुमच्या बाहीवर गेलं, तर अंदाजाने पुन्हा पाजू नका. तेही डॉक्टरांनाच विचारा. बाहीचं वर्णन वगळलं तरी चालेल.

८. लगेच आवडीचा खाऊ पुढे करा. मांजर तो खाईल, पण त्याचे आभार मानणार नाही.

नंतरची काळजी

मांजर भिंतीकडे तोंड करून बसेल. बसू द्या, पुढच्या डोसला अजून वेळ आहे. तुम्हाला चावलं किंवा ओरखडून रक्त आलं असेल, तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ‘घरचंच आहे’ ही सबब इथे चालत नाही.

एवढं करून जमलंच नाही, तर तेच औषध गोळीत किंवा इंजेक्शनमध्ये मिळतं का ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, डॉक्टरांच्या हातांवरचे ओरखडे पाहा. पण आपल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. पॅरासिटामॉलचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, एखादी गोळीही जीव घेऊ शकते, आणि लहान मुलांच्या तापाच्या सिरपमध्ये बहुधा तेच असतं. मांजर उड्या मारू लागलं म्हणून औषध मध्येच बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस पुरे करा.