वेठीचा शिष्य

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून मी वसईहून लोकल पकडली. कपाळावर फादरांनी बोटाने ओढलेला राखेचा क्रूस होता. नायगाव यायच्या आत समोरच्या गृहस्थांनी रुमाल पुढे केला. "साहेब, कपाळाला काहीतरी लागलंय." गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत भाईंदरची खाडी गेली. त्यांनी मान डोलावून रुमालाची घडी घातली. दहिसरला दुसऱ्याने रुमाल काढला.

गंमत अशी, की नेमक्या त्याच सकाळी शुभवर्तमानातून ऐकवलं जातं : उपास कराल तेव्हा तोंड धुऊन हिंडा, लोकांना कळू देऊ नका. ते ऐकून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटांत रांगेत उभं राहून कपाळ पुढे करायचं. इतकी वर्षं झाली, या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

प्रायश्चित्तकाळात काहीतरी सोडायचं असतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळले की येशूने रानात काढलेल्या ४० दिवसांचा हिशेब जुळतो. हे सहा रविवार आम्हा दुबळ्यांचा मोठा आधार. यंदा मी चहा सोडला आणि पहिल्याच रविवारी आठवड्याचा सगळा चहा एका दिवसात पिऊन टाकला. सोमवारपासून पुन्हा कपाळ ठणकायला लागलं. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, शेजाऱ्यांचा टीव्ही मोठा. बायकोने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, उपास तुमचा आणि प्रायश्चित्त आमचं, असं किती दिवस चालायचं?"

शुक्रवारचं तर विचारूच नका. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासळीला मोकळीक. वसईकराला अशी शिक्षा देणं म्हणजे बेडकाला पाण्यात सोडण्यासारखं. माझ्या डब्यात तळलेला हलवा पाहून ऑफिसातला मित्र हसला. एकादशीला त्याच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे वेफर्स पाहून मी हसलो. 'एकादशी नि दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही दोघांनी निम्मी निम्मी वाटून घेतली आहे.

तर चहा मी माझ्या मर्जीने सोडला होता. थोरल्या आत्याचं काम मात्र मर्जीचं नव्हतं.

आत्या ८३ वर्षांची. ख्रिस्तसभेच्या नियमाने उपासाचं बंधन साठीच्या उंबरठ्यापर्यंतच. नियमाने तिला केव्हाच सोडलंय, तिने नियमाला सोडलेलं नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी तिला क्रूसाच्या वाटेला न्यायचा तिचा नातू. तो यंदा बोटीवर गेला आणि जाताना माझं नाव सुचवून गेला. मला कुणी विचारलंही नाही. शुक्रवारी लवकर निघायचं, तिला रिक्षात घालायचं आणि चर्चमध्ये तिचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची १४ स्थानं फिरायचं. एका जागी बसून प्रार्थना केली तर चालणार नाही का, असं मी सुचवून पाहिलं. "वाट आहे ना ती? मग बसून कशी होईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्येक स्थानाशी स्टूल मांडायचं, वाचन संपलं की तिला उठवायचं, स्टूल उचलायचं. मनात येशूचं दुःख कमी आणि माझ्या कमरेचं जास्त.

अशात पाचवं स्थान आलं. कुरेनेकर शिमोन. बिचारा शेताकडून घरी चालला होता. आमच्या वाडीतून केळींना पाणी लावून माणूस परततो तसाच असणार. शिपायांनी धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. चक्क वेठ! बारा शिष्य स्वतःहून मागे निघालेले, काही तर जाळी-होड्या टाकून. त्यांतल्या पेत्राने मरेपर्यंत साथ द्यायच्या शपथा घेतलेल्या, पण त्या रात्री तो लांबून लांबून मागे आला, शेकोटीशी हात शेकत बसला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणाला. ओझं उचलायची वेळ आली तेव्हा बारांतलं कुणीच तिथे दिसत नाही. दिसतो तो रस्त्याने जाणारा. मार्कने तर त्याच्या पोरांचीही नावं लिहून ठेवलीत, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणाऱ्यांच्या ओळखीतलीच. शिमोन तेव्हा काय म्हणाला, हे कुणी लिहिलेलं नाही. 'मीच का?' असंच म्हणाला असणार, मला खात्री आहे. स्टूल हातात घेतल्यावर मीही तेच म्हणालो होतो.

आमचा रिक्षावाला पहिल्या शुक्रवारी फाटकाबाहेर थांबला. त्याच्या काचेपाशी गणपती आहे, रोज जास्वंदीचं फूल असतं. तिसऱ्या शुक्रवारी आत्याचा दुसरा हात धरून तो आत आला आणि माझ्यासारखाच गुडघे टेकताना कण्हला. कवी रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकच दार ठेवलं होतं. या गृहस्थाने दार वगैरे काही पाहिलं नाही. आजीला आधार हवा होता, तो आला.

पाचव्या शुक्रवारी ऑफिसात मी अडकलो, गाडी चुकली. धापा टाकत चर्चमध्ये शिरलो तेव्हा बारावं स्थान संपत आलं होतं. खाकी शर्टातला तो आत्याला उठवत होता, स्टूल काखेत. मी पुढे होऊन हात केला.

"राहू द्या साहेब," तो हळूच म्हणाला, "दोनच राहिलीत. आता सोडून कसं चालेल?"

आत्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.