यंदा रंग देऊन टाकू

नारायणगाव ते आळेफाटा या पट्ट्यात चहाच्या कुठल्याही टपरीवर थांबा, एक तात्या हमखास सापडतील. पांढरा सदरा, वरच्या खिशात डिझेलच्या पावत्या, हातात बशी आणि नजर समोर उभ्या असलेल्या पिकअपवर. "कुणाची वाट बघताय का?" असं विचारलंत तर म्हणतील, "कुणाची नाय ओ. रंगाचं बघत होतो." इथं चहा संपवून निघालात तर वाचलात. "कसला रंग?" म्हणालात की बसलात.

हप्ते चालू असतात तोवर कुणी तात्या होत नाही. तोवर गाडी फायनान्सवाल्याची, तिच्या अंगावरचा ओरखडाही त्याचाच. शेवटचा हप्ता जातो, आरसीवरचा बोजा उतरतो आणि मालक पहिल्यांदाच गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारतो. गंज त्याला त्या दिवशी दिसतो. त्या दिवसापासून तो "यंदा रंग देऊन टाकू" असं म्हणायला लागतो, आणि दरवर्षी म्हणतो.

आमच्या तात्यांची बोलेरो पिकअप २०१२ सालची. दोन वर्षं वापरलेली त्यांनी घेतली, एकदम सांभाळलेली, एकहाती, "व्यापाऱ्यानं फक्त देवाला जायला काढली होती" अशी. पिकअप घेऊन देवाला कोण जातं, हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. आरसीवर रंगाच्या रकान्यात 'पांढरा' असं छापलंय. आज तो एक रंग नसून चार आहेत. बॉनेट पिवळसर पांढरं. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा जुन्या बाजारातून आणलेला, तो निळसर पांढरा. हौदा मूळचा पांढरा असावा असं म्हणायला जागा आहे. आणि फाळक्यावर मधोमध एक लख्ख चौकोन. तिथं पूर्वी 'हॉर्न ओके प्लीज' होतं. २०१५ साली राज्य सरकारनं मालवाहू गाड्यांवर ते लिहायला बंदी केली, कारण ते वाचून मागचे खरंच हॉर्न वाजवत सुटायचे. तात्यांनी बातमी ऐकली, घराच्या खिडक्यांना लावून उरलेला ऑइल पेंट शोधला आणि ब्रशानं फासून टाकला. सरकारचा हुकूम इतक्या तातडीनं त्यांनी ना त्याआधी पाळला, ना त्यानंतर.

अलीकडं त्यात आणखी एक भर पडली. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली. पिवळीधमक, कोरी करकरीत पाटी आली आणि ती बसल्या क्षणी भोवतालचा बंपर दहा वर्षांनी म्हातारा झाला. "पाटीनं घात केला," असं तात्या म्हणतात. पाटी काढता येत नाही, तेव्हा आता बंपरलाच पाटीच्या लायकीचं करावं लागणार, असा विचार त्यांनी त्या दिवशी दोन चहा होईपर्यंत केला.

गंज का लागतो, हे तात्यांना इंजिनिअरपेक्षा चांगलं ठाऊक आहे. नारायणगावच्या मार्केटातून वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट भरले की त्यातले फुटलेले टोमॅटो गळतात, आणि ते पाणी आंबट. परतीला रिकामं कशाला यायचं, म्हणून कधी युरियाच्या गोण्या, कधी कोंबडखत. वरून माळशेजचा पाऊस. त्यात आरसीवर सव्वा टन लिहिलेल्या गाडीत तात्या शंभर क्रेट भरतात. बेरीज तुम्हीच करा, त्यांनी ती कधी केलेली नाही. एवढ्या ओझ्यानं पत्रा जिथं वाकतो, तिथला रंग तडकतो. तडकलेल्या रंगाखाली पाणी शिरलं की आतल्या आत पत्रा खात बसतं. बाहेरून दिसतो तो फक्त एक बारीक फुगा. नखानं दाबलात की रंगाचा पापुद्रा निघतो आणि खाली तांबूस भुगा.

हे फुगे फोडायचं तात्यांना व्यसन आहे. वाशीच्या मार्केटात गाडी खाली व्हायची वाट बघत हौद्याच्या कडेला बसायचं आणि अंगठ्याच्या नखानं एकेक फुगा फोडत जायचं. समाधानानं. सगळे संपले की हात झटकून म्हणायचं, "लय वाढला राव गंज."

मग उस्तादांकडं जाणं होतं. उस्ताद म्हणजे फाट्यामागच्या गॅरेजातले पेंटर. चाळीसएक वर्षं रंग मारून त्यांच्या भुवयांवर कायम कुठल्यातरी गाडीची छटा असते. ते तात्यांना बघितल्यावर हातातला पेपर खाली ठेवत नाहीत, घासत घासतच बोलतात.

"तात्या, पासिंगचा रंग पायजे का कायमचा?"

पासिंगचा रंग म्हणजे फडकं मारायचं, धूळ काढायची आणि गंजावरूनच एक हात फिरवायचा. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. तेव्हा ब्रेक, दिवे, पुढं पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागं लाल रेडियमच्या पट्ट्या बघतात. सोबत अंगही जरा चकचकीत दिसलं तर तपासणाऱ्याचं मन प्रसन्न राहतं, असा पूर्वापार समज आहे. हा रंग आरटीओतून घरी येईपर्यंत टिकतो. पुढच्या पावसाला फुगे परत हजर. तात्यांना मनातून हाच रंग आवडतो, पण तो मागायची त्यांना लाज वाटते.

"कायमचाच सांगा," ते म्हणतात.

मग उस्ताद सांगतात. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा. बाकीचा गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासायचा. त्यावर रेड ऑक्साइड. मग लांबी भरायची, ती सुकली की पाणी मारून पेपरनं घासायची, परत भरायची, परत घासायची. सरफेसर. मग कॉम्प्रेसर लावून गननं रंगाचे हात, वर क्लिअर. "घाई केली तर लांबी बसते आणि महिन्यानं दरवाजावर खड्डा दिसतो. गाडी आठ दिवस सोडावी लागंल."

पैशाचा आकडा तात्या ऐकून घेतात. आठ दिवसांचा आकडा त्यांच्यानं ऐकवत नाही. बोटांवर आठ दिवसांची भाडी मोजली जातात, त्यात जी भाडी कधीच मिळाली नसती तीही धरली जातात, आणि शेवटी रंग मारणं म्हणजे नवी गाडी घेण्याएवढं महाग आहे असं सिद्ध होतं. उस्ताद मान डोलावतात. त्यांना हे गणित पाठ आहे.

बरं, आठ दिवस काढायचे कधी? इथं पंचांग आडवं येतं. पावसाळ्यात दमट हवेत रंग धरत नाही, पांढुरकी झाक मारतो, हे उस्तादांचंच म्हणणं. शिवाय तोच टोमॅटोचा हंगाम. २०२३च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा तात्यांच्या गाडीचं इंजिन गार झालेलं कुणी पाहिलं नाही. पैसा होता, सवड नव्हती. पुढं भाव आपटले, सवड मिळाली, पैसा गेला. पावसाळा सरला की पितृपक्ष, त्यात नवं काम काढत नाहीत. मग दसरा. दसऱ्याला गाडी नटवायची ती बाकी सगळ्यांनाही असते, त्यामुळं उस्तादांकडं नंबर लागत नाही. झेंडूच्या माळा एवढ्या घालायच्या की रंग दिसायलाच नको, हा त्यावरचा तोडगा. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई, मग मांडवाचे बांबू, भांडी, वाजंत्री यांची भाडी. त्यानंतर द्राक्षं, कांदा. चैत्रात गावोगावच्या यात्रा, रस्त्याची धूळ, ओल्या रंगावर धूळ बसली तर वाटोळं. आणि मग मे महिन्याच्या शेवटी आकाशाकडं बघत तात्या म्हणतात, "आता पावसाळा तोंडावर आलाय. कशाला उगाच? दिवाळीला बघू."

घरच्यांची मतं तात्या अधूनमधून घेतात, ती न ऐकण्यासाठी. काकूंचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "आधी घराला रंग कधी दिला होता ते सांगा." या वाक्यानंतर तात्यांना नेहमी टायरमधली हवा तपासायची आठवण होते. पोराला गाडी काळी करायचीय, तीही बिनचकाकीची, आणि काचेवर फक्त एक मोठं नाव. रंग बदलायचा तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते, हे कळल्यावर पोराचा उत्साह निम्मा झाला. पुतण्यानं लष्करी हिरवा सुचवला. तो तर कायद्यानंच बाद. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आरटीओबाहेरच्या एजंटानं हा नियम सांगितला तेव्हा तात्या मनापासून खूश झाले. सरकारच नको म्हणतंय म्हटल्यावर त्यांच्यावर कसली जबाबदारी उरत नव्हती. पांढऱ्यालाही असा एखादा नियम निघावा, अशी त्यांची आतून इच्छा असावी.

खरी अडचण मात्र गावाची आहे, आणि ती तात्यांनी नीट ओळखलीय. रंग दिला तर लोक म्हणणार, तात्यांनी पैसा धरला. दुसऱ्या दिवशी मेव्हणा हातउसने मागायला येणार. शेतकरी म्हणणार, आता हा भाडं वाढवणार. बाजारातले दलाल म्हणणार, विकायला काढली वाटतं. आणि काहीजण डोळा बारीक करून विचारणार, "कुठं ठोकली हो?" बरं, रंग नाही दिला तर? तर तेच लोक म्हणणार, धंदा बसला वाटतं तात्यांचा. पोराच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी एकदा गाडीकडं बघून "भाड्याची का?" असं विचारलं होतं. तेव्हा तात्या बोलले ते एवढंच: "रंगाला टाकायचीय."

ही तीन अक्षरं, 'यचीय', फार कामाची आहेत. माझ्या मते तात्यांची सगळी चैन त्यात आहे. रंग द्यायचाय म्हणजे गाडी जुनी नाही, नुसती राहिलीय. पोचा आला तर राहू दे, तसाही रंग काढायचाच आहे. फाळक्याची कडी तुटली, राहू दे, रंगाच्या वेळी सगळं एकदम करू. खरोखर रंग मारून आणला तर त्यानंतरचा पहिला ओरखडा तात्यांना झोपू देणार नाही, हे तात्यांनाही माहीत आहे. न दिलेल्या रंगानं त्यांना गेली कितीतरी वर्षं शांत झोप दिलीय.

आता लोहचुंबकाचं सांगतो. तात्यांच्या डॅशबोर्डच्या खणात एक लोहचुंबक असतो, जुन्या फुटक्या स्पीकरचा. जिथं गाडी ठोकून लांबी भरलीय तिथं वरून रंग कितीही भारी असो, चुंबक धरत नाही, कारण खाली पत्रा लांब गेलेला असतो. कुणाचीही नव्यानं रंगवलेली गाडी दिसली की तात्या आधी डॉक्टर पोट वाजवून बघतात तसे दरवाजावर दोन बोटं वाजवतात, बद्द आवाज आला की मान हलवतात आणि चुंबक काढतात. लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीलाही त्यांनी तो लावलाय, हार बाजूला सारून. चुंबक गळून हातात पडला की तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते त्यांना टोमॅटोच्या चढ्या भावानंही मिळत नसावं. "लांबी," असा एक शब्द उच्चारून ते पुढं जातात. पट्ट्यातल्या दोन-तीन जणांनी यामुळं तात्यांशी बोलणं टाकलंय.

म्हणजे रंग न देण्याचं आणखी एक कारण लक्षात आलं असेल. ज्यानं सगळ्यांच्या गाड्यांना चुंबक लावला, त्यानं आपली चकचकीत गाडी त्याच फाट्यावर उभी करायची कशी?

यंदा मात्र दिवाळीनंतर तात्या खरंच गाडी घेऊन उस्तादांकडं गेले. सौदा झाला, आठ दिवसांचे सात झाले, हौद्याचा तळ खरवडून त्याला खालून काळा अंडरकोट मारायचंही ठरलं. ते माझ्या मते एवढं एकच करायला हवं होतं. गाडी खालून खाल्ली जाते आणि माणसं वरून रंगवतात. उस्तादांचा नातू तिथंच खेळत होता. तात्यांच्या हातातला चुंबक त्यानं मागून घेतला आणि सहज तात्यांच्याच गाडीच्या क्लीनरच्या बाजूच्या दरवाजाला लावला. चुंबक घसरला आणि सिमेंटवर पडून वाजला. पोरानं उचलून जरा वर लावला. परत पडला. मडगार्डला लावला. पडला. पोराला हा खेळ आवडला. एकहाती, सांभाळलेल्या, फक्त देवाला जाणाऱ्या त्या गाडीच्या डाव्या अंगाला चुंबक कुठंच धरेना. उस्तादांनी हातातला पेपर त्या दिवशी पहिल्यांदा खाली ठेवला आणि दुसरीकडं बघू लागले.

तात्यांनी चुंबक उचलला, उलटासुलटा केला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "जुना झालाय हा. ताकद गेली त्याची." गाडी चालू करून परत फाट्यावर आले आणि चहा मागवला.

रंगाचं काम तूर्त थांबलंय. पक्का चुंबक मिळाल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमच्या माळ्यावर एखादा मोठा फुटका स्पीकर पडून असेल तर आळेफाट्याला चहाच्या टपरीवर तात्यांकरता ठेवून जा. फक्त लावून बघू नका.