नकार ऐकू न येणाऱ्या नायकास खुले पत्र

बऱ्हाणपूर

पत्राच्या वरच्या ओळीत ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला मी ते लिहीत नाही. प्रेमाचं नाव तू आजवर पुष्कळ वापरून घेतलंस. निदान या कागदावर ते तुला मिळू नये.

तुझं नाव एक नाही. एखाद्या कथेत तू कंपनीचा मालक असतोस, एखाद्या कथेत गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या, तर कधी जोसॉन काळातला कोरियन सरदार. चेहरा मात्र तोच. रुंद खांदे, उंची कपडे, कशाचंच अप्रूप नसलेली नजर. समोर एक तरुण असतो, तुझ्याहून लहान चणीचा. तो कर्जात बुडालेला असतो, तुझ्या हाताखाली नोकरीला असतो, नाहीतर त्याचं एखादं गुपित तुझ्या मुठीत असतं. तो नको म्हणतो. तू थांबत नाहीस. काही प्रकरणं उलटली की तोच तुझ्यासाठी झुरायला लागतो आणि आम्ही याला प्रेमकथा म्हणावं अशी अपेक्षा असते.

मी बॉईज लव्ह कॉमिक्सची वाचक आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या या चित्रकथा मुख्यतः बायका काढतात आणि मुख्यतः बायकाच वाचतात. त्यातल्या प्रौढांसाठीच्या कथाही मी वाचते. शरीराचं सुख चित्रात आलं याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्यामुळे हे पत्र हातात नाचवत ‘बघा, वाचणाऱ्याच म्हणताहेत, हे सगळं बंद करा’ असं म्हणणाऱ्यांनी माझ्या बाजूला येऊन उभं राहू नये. माझं भांडण तुझ्याशी आहे. ज्या घरात तू घुसलास ते घर मला प्रिय आहे, म्हणून आहे.

ते घर ज्यांनी बांधलं त्यांनी फार सोसलं होतं. जपानच्या केइको ताकेमिया यांच्या डोक्यात ‘काझे तो की नो उता’ ही कथा 1970च्या सुमारास आली. संपादक ती छापायला तयार होईनात. ती सुरू व्हायला 1976 साल उजाडलं. त्या कथेत अत्याचार आहे आणि त्यानं उद्ध्वस्त झालेलं एक आयुष्यही आहे. ताकेमियांनी ती जखम जखम म्हणूनच रंगवली. वाचताना आपण अत्याचार करणाऱ्याच्या प्रेमात पडत नाही, त्याची चीड येते. तू पुढे त्याच जखमेचा मसाला केलास. या शतकाच्या सुरुवातीला आलेली अयानो यामाने यांची ‘फाईंडर’ मालिका आठव. काळ्या धंद्यातल्या एका बड्या माणसाचे फोटो काढू पाहणारा तरुण छायाचित्रकार पकडला जातो, त्याच्यावर जबरदस्ती होते आणि तिथून त्या दोघांची प्रेमकथा सुरू होते. चित्रं देखणी आहेत, हे मी नाकारत नाही. त्या देखणेपणामुळेच तुझं फावलं.

तुला खुलं पत्र लिहिणारी मी पहिली नाही. 1992 साली मासाकी सातो या जपानी समलिंगी कार्यकर्त्यानं ‘श्वाझीर’ या स्त्रीवादी लघुनियतकालिकात या कथांवर उघड हल्ला चढवला. तुम्ही रंगवता ते पुरुष आणि आम्ही जगतो ते आयुष्य यांचा काही संबंध नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्यावरून पेटलेला वाद काही वर्षं चालला. त्या वादानं लेखिकांना विचार करायला लावलं, कथा बदलल्या, समंजस पात्रं आली. तू मात्र फोनच्या पडद्यावर उतरून पुन्हा तरुण झालास.

तुझी वकिली करणारे मला ठाऊक आहेत. ते म्हणतात, ही कल्पना आहे. चित्रात बाईचं शरीर नाही, म्हणून वाचणाऱ्या बाईला आपली भीती लांबून पाहता येते. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही, त्यात तथ्य आहे. मनाच्या अंधारात काय यावं हे कुणी ठरवू नये. पण अंधार दाखवायला माझी हरकत कुठे आहे? कोउ योनेदा यांची ‘ट्विटरिंग बर्ड्स नेव्हर फ्लाय’ घे. तिचा नायक याशिरो लहानपणी सावत्र बापाच्या अत्याचाराला बळी पडलेला आहे. मला त्याचं काही वाटत नाही, असं तो स्वतःलाच बजावत राहतो. मग एक माणूस त्याच्याशी मायेनं वागतो आणि ती माया याशिरोला सोसवत नाही. अत्याचार माणसाच्या आत किती खोल जाऊन बसतो हे मला त्या कथेनं शिकवलं. ती पूर्णपणे प्रौढांसाठी आहे, गडद आहे, तरी तुझं नाव तिथे प्रेमाच्या खात्यात कुणी मांडलेलं नाही.

कूगीची कोरियन ‘किलिंग स्टॉकिंग’ 2016 ते 2019 या काळात आली. तिनंही काही लपवलं नव्हतं. त्यातला सांगवू हा खुनी आहे, कथा भयकथा आहे. तरी त्याला आदर्श प्रियकर मानणारे वाचक निघाले. आपल्याकडे 1993च्या ‘डर’मध्ये सनी देओल नायक होता आणि पाठलाग करणारा राहुल खलनायक, टाळ्या राहुलला पडल्या. तू भाषा बदलतोस, देश बदलतोस, बाईच्या जागी पुरुष आणतोस, आणि टाळ्या घेऊन जातोस.

‘पण नुकसान कुणाचं होतं?’ हा तुझ्या वकिलांचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर मी इथलंच देते. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. संमतीशिवायचे संबंध गुन्हाच राहिले. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात 377 उरलंच नाही. बलात्काराचं कलम 63, त्यात पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. अठराच्या आतल्या मुलांना पॉक्सो कायदा आहे. पण उद्या बऱ्हाणपुरात वीस-बावीस वर्षांच्या एखाद्या मुलावर त्याच्या मालकानं, तुझ्यासारख्यानं, जबरदस्ती केली, तर तो ठाण्यात जाऊन कोणतं कलम सांगणार? मारहाण सांगेल, धमकी सांगेल. जे झालं त्याला कायद्यात नाव नाही. ही पोकळी ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर मांडली गेली आणि न्यायालयानं केंद्राला त्यावर निर्णय घ्यायला सांगितलं. ज्या देशात पुरुषाच्या नकाराला कायदासुद्धा ओळखत नाही, तिथे त्याच नकाराला तू ‘लाजतोय बिचारा’ म्हणून रंगवतोस. तो मुलगा हे वाचत असेल तर स्वतःबद्दल काय समजेल, याचा विचार तुझ्या एकाही वकिलाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

आणि तो वाचत असणारच. माझ्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानात या कथा मिळत नाहीत. यंत्रमागाच्या खडखडाटात, केळीच्या वखारीवर, जळगावच्या बसमध्ये, जो वाचतो तो एकटा, फोनवर, कुणाला न सांगता. हे वागणं बरोबर आहे का, असं विचारायला जवळ माणूस नसतं. तुला सगळ्यात सोयीचं तेच.

आमच्या गावाला एकाच बाजूनं सांगितलेल्या प्रेमकथांची ओळख जुनी आहे. मुमताज महल इथे, तापीकाठी, 17 जून 1631 रोजी गेली. चौदाव्या बाळंतपणात गेली. आधी तिला नदीपलीकडे जैनाबादला पुरलं, मग आग्र्याला नेलं. शाहजहानचं प्रेम संगमरवरात उभं राहिलं आणि जगानं ते पाहिलं. तेरा बाळंतपणं झाल्यावर तिला चौदावं हवं होतं का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ज्याच्या हातात सत्ता त्याच्याच बाजूनं प्रेम सांगितलं जातं, आणि तुझीही प्रत्येक कथा तुझ्याच बाजूनं सांगितली जाते.

दुसऱ्या बाजूनं सांगता येतं, तेही मराठीत. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 साली आली. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटानं जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांच्यात जे घडतं त्यात कुणी कुणाला भिंतीशी दाबत नाही. दोघंही एकमेकांच्या होकाराची वाट पाहतात, आणि त्या वाट पाहण्यातच सगळी ओढ आहे. तुझ्या शेकडो पानांत ती मला सापडलेली नाही.

म्हणून तुला बजावते. पुढच्या भागात समोरचा नको म्हणाला की मागे हो आणि दार उघड. तो परत आला तर त्याच्या मर्जीनं येऊ दे, नाही आला तर कथा तिथे संपू दे. आणि मराठीत चित्रकथा काढणाऱ्या मुलामुलींनो, तुम्हाला विनंती आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाची प्रौढ, धीट, मोकळी कथा काढा. मी विकत घेऊन वाचेन. फक्त याला तिच्यात नायक करू नका.

– बऱ्हाणपूरची एक वाचक