अंगठाबहाद्दरांसाठी बेस गिटार: निवडीचे शास्त्र

बेस गिटार हे मुळात मागे उभे राहून वाजवायचे वाद्य आहे, आणि ज्या वादकास मागे उभे राहणे मान्य नाही त्याच्यासाठी स्लॅप ही वादनपद्धती उपलब्ध आहे. या पद्धतीत उजव्या अंगठ्याची हाडाकडील कड जाड तारेवर आदळवली जाते, ती तार फ्रेटवर, म्हणजे सतारीवर ज्याला पडदा म्हणतात तशा धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटून खणखणते, आणि लगोलग तर्जनी बारीक तारेखाली घालून ती तार वर ओढून सोडली जाते. पहिल्या क्रियेस स्लॅप आणि दुसरीस पॉप असे म्हणतात. मनगट कुलपात किल्ली फिरवावी तसे फिरते आणि अंगठा तारेवर पडताक्षणी परत उसळतो, निदान उसळावा अशी अपेक्षा असते. नवशिक्याचा अंगठा मात्र तारेवर पडतो आणि तेथेच मुक्काम करतो, त्यामुळे नाद जागच्या जागी मरतो, आणि या मृत्यूची जबाबदारी प्रथेप्रमाणे वाद्यावर टाकली जाते. स्लॅपसाठी योग्य बेस कोणती, हा प्रश्न बहुधा याच क्षणी जन्माला येतो.

या प्रश्नाचा इतिहास चाळल्यास शास्त्रकारास अडचणीत टाकणारी एक बाब आढळते. इलेक्ट्रिक बेसवरील या पद्धतीचे जनकत्व ज्यांच्याकडे सर्वसाधारणपणे दिले जाते ते लॅरी ग्रॅहम तरुणपणी कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात आई डेल ग्रॅहम यांच्या साथीला असत. ते गिटार वाजवीत आणि जोडीला पायाने ऑर्गनच्या पट्ट्या दाबून खर्जाची बाजू सांभाळीत. ऑर्गन बिघडला तेव्हा तात्पुरती सोय म्हणून एक बेस भाड्याने आणण्यात आली, आणि पुढे ड्रमवादकही उरला नाही तेव्हा बास ड्रमचा ठोका अंगठ्याने आणि स्नेअर ड्रमचा फटका तार ओढून भागवण्याची वेळ आली. १९६९ च्या अखेरीस 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या वाद्यवृंदाच्या 'थँक यू' या गाण्यातून ही काटकसर जगभर पोचली. म्हणजे ज्याने ही विद्या रूढ केली त्याने बेस चोखंदळपणे निवडलीच नव्हती. नड होती म्हणून जी मिळाली ती त्याने वाजवली. मूळ पुरुषास चुकलेली ही निवड अनुयायांना मात्र करावी लागते, आणि ती त्यांनी गेले अर्धशतक अशा निष्ठेने केली आहे की सरावास वेळ उरू नये.

शास्त्रातील पहिली कसोटी जागेची आहे, आणि सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे ग्राहक नेमकी तीच वगळून रंगाकडे वळतो. अंगठा शेवटच्या फ्रेटच्या आसपास पडतो आणि पॉप करणारे बोट त्याच्या शेजारी, फ्रेटची फळी जेथे संपते आणि पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत रूपांतरित करणारे चुंबकी उपकरण, जेथे सुरू होते त्या दरम्यानच्या मोकळ्या पट्ट्यात तारेखाली शिरते. बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी, जिला स्केल म्हणतात, ती लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणल्यापासून बहुतांशी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर, राहिली आहे. या हिशोबाने २० वा फ्रेट ब्रिजपासून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून, सुमारे २७२ मिलिमीटरवर पडतो आणि २४ वा २१६ मिलिमीटरवर. वरच्या चार फ्रेटांची किंमत अशा रीतीने ५६ मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटांची जागा, इतकी होते. चोवीस फ्रेटांची बेस जास्त माल पदरात पडतो म्हणून मोठ्या हौसेने घेतली जाते. त्या चार फ्रेटांवर वादक वर्षाकाठी कितीदा जातो याचा हिशोब कोणी ठेवीत नाही, पण बोट तारेखाली घालताना फळीवर किंवा पिकअपच्या कडेवर आदळते ते मात्र रोज. कमी फ्रेट म्हणजे कमी दर्जा, ही समजूत स्लॅपकाराने दुकानाच्या पायरीवरच सोडावी.

तारांमधील अंतराचा विचारही येथेच करणे योग्य. फेंडर पद्धतीच्या चार तारी बेसमध्ये ब्रिजपाशी हे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते, तर काही पाच तारी बेसमध्ये ते १६.५ मिलिमीटरपर्यंत उतरते. अडीच मिलिमीटर ही बाब कागदावर क्षुल्लक वाटते. परंतु जाड बोटाचा गृहस्थ सर्वांत बारीक 'जी' तार ओढायला जातो आणि शेजारची 'डी' तारही सोबत उचलून आणतो, तेव्हा तिचे महत्त्व अख्ख्या वाद्यवृंदाच्या ध्यानात येते. परीक्षा सोपी आहे: तर्जनीचे टोक शेजारच्या तारेला न शिवता बारीक तारेखाली जावे आणि न अडखळता बाहेर यावे.

संप्रदायांकडे वळता दोन प्रमुख पीठे दिसतात. पहिले पीठ १९६० मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसचे. त्यातही १९७० च्या दशकातील वाद्यांना विशेष मान आहे, कारण त्या काळात मागचे पिकअप ब्रिजच्या दिशेने किंचित सरकवले गेले, अ‍ॅश लाकडाच्या धडाला मेपलची फळी देण्याची पद्धत बोकाळली, आणि त्या साऱ्यातून निघणारा चरचरीत स्वर स्लॅपकारांच्या कानात बसला. या पीठाचे आचार्य मार्कस मिलर हे १९७७ सालची जॅझ बेस वाजवीत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'टूटू' या १९८६ च्या ध्वनिमुद्रिकेतील बरीचशी रचना आणि वादन त्यांचेच आहे. भाविक नेमक्या त्या सालची बेस शोधत फिरतात. मिलर यांच्या बेसवर रॉजर सॅडोव्स्की या न्यूयॉर्कच्या कारागिराने प्रीअ‍ॅम्प, म्हणजे पिकअपकडून येणारा नाद विजेने वाढवणारे उपकरण, बसवून बरेच काम केले होते, ही माहिती पुरेसे पैसे मोजून झाल्यावर कळते. दुसरे पीठ १९७६ च्या म्यूझिक मॅन स्टिंगरेचे. तिला एकच, पण दणकट पिकअप आणि पोटात विजेवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो, आणि 'थंडर थम्ब्स' अशी पदवी मिळवलेले लुई जॉन्सन हे तिचे मुख्य प्रचारक. जॅझ बेसचा आवाज रुंद आणि काचेसारखा मानला जातो, स्टिंगरेचा अंगावर येणारा; दोन्ही पंथांत सोयरीक होऊ शकते, फक्त ती दोन पगारांशिवाय परवडत नाही. प्रिसिजन बेसला दोन्ही पीठे स्लॅपच्या पंगतीत बसू देत नाहीत. हा बहिष्कार अन्यायकारक आहे: तिचा ठोका जाड येतो, खणखणाट कमी येतो, आणि गाणाऱ्याला तेच हवे असते, पण गाणाऱ्याचे मत स्लॅपशास्त्रात प्रमाण धरण्याची चाल नाही.

प्रमाणाचा प्रश्न निघालाच आहे तर एक कटू सत्य नोंदवणे प्राप्त आहे. १९९० च्या दशकातील 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेमुळे स्लॅपचा नाद कोट्यवधी घरांत पोचला, आणि तो संगीतकार जोनाथन वुल्फ यांनी कीबोर्डवर वाजवला होता. त्यात ना अ‍ॅश होते ना मेपल.

विजेवर चालणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, बेसचा मोह धरणाऱ्याने तिच्या पाठीमागचे लहानसे झाकण उघडून आत पाहावे. तेथे नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी असते, आणि बहुतेक बेसमध्ये केबल खोचताच ती खर्ची पडू लागते, मग वादक वाजवीत असो वा जेवायला गेला असो. अशी बेस केबलसह रात्रभर भिंतीला टेकवून ठेवल्यास ती नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी फाटक्या आवाजात बोलू लागते. या विजेच्या बळावर खर्ज आणि तार हे दोन्ही टोकांचे स्वर वाढवून मधले स्वर घटवण्याची प्रथा आहे, कारण खोलीत एकट्याने वाजवताना त्यातून भव्यता निर्माण होते. बेस नेमकी कोणता स्वर वाजवीत आहे हे ऐकणाऱ्यास कळते ते बरेचसे मधल्या स्वरांमुळे. ते काढून टाकले की ड्रम आणि गिटार यांच्या गर्दीत स्लॅपकार दिसतो, परंतु ऐकू येत नाही.

लाकडाविषयी ग्रंथोक्त मते विपुल आहेत आणि त्यांचा निकाल लावण्यापेक्षा तारा बदलणे स्वस्त पडते. स्लॅपला लागणारी चमक सर्वाधिक प्रमाणात नव्या राउंडवाउंड तारांतून, म्हणजे ज्यांच्यावर गोल तार गुंडाळलेली असते आणि ज्या बोटाला खरखरीत लागतात अशा तारांतून येते. स्टीलच्या असल्यास अधिकच. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या जेम्स जेमरसन यांनी अजरामर काम केले आहे, पण ते स्लॅपचे नव्हे. घामट हातांनी ही चमक काही आठवड्यांत जाते. कोकणपट्टीत भर म्हणून पावसाळी हवेने मानेचे लाकूड हलते आणि तारांची उंची बदलते, तेव्हा मानेत दडवलेला ट्रस रॉड नावाचा लोखंडी गज किल्लीने अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, फिरवून पाहावा. ही उंची, जिला अ‍ॅक्शन म्हणतात, १२ व्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या आसपास असल्यास अंगठ्यास फार कष्ट पडत नाहीत; त्याहून बरीच खाली नेल्यास प्रत्येक स्वर खणखणतो, आणि जो खणखणाट अंगठ्याने कमवायचा तो फुकट मिळू लागतो.

प्रत्यक्ष खरेदीस, मुंबईत धोबी तलावाला असो वा अन्यत्र, दुपारी जावे, कारण त्या वेळी दुकानात दुसरा स्लॅपकार असण्याचा संभव कमी असतो. दुकानदार स्टूल पुढे करील; ते नम्रपणे नाकारावे. बसून वाजवताना प्रत्येक बेस सोयीची वाटते, तर उभे राहिल्यावर पट्टा सैल असल्यास ती मांडीपर्यंत उतरते, अंगठा तारेला समांतर पडण्याऐवजी जमिनीकडे वळतो, आणि काही बेसची जड मान डाव्या बाजूस झुकू लागते. ही झुक शोधण्यासाठी दोन्ही हात सोडून उभे राहावे व बेस कोठे जाते ते पाहावे. पट्टा घरी सरावाला वापरतो त्याच उंचीवर बांधावा, एम्प्लिफायरवरील सर्व बटणे मधोमध आणावीत, आणि पाठ केलेली ती एकमेव चाल वाजवण्यापूर्वी जाड 'ई' तारेवर एकाच स्वराचे साधे ठोके, न थांबता, पाच मिनिटे मारावेत. पाच मिनिटांनंतरही विकत घेण्याची इच्छा टिकून असल्यास बिल करावे. पट्टा दुकानदाराचा असल्यास तो काढून परत द्यावा.