नॉन-मूव्हिंग सफारी

तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. बेअरिंगपासून रंगाच्या ड्रमपर्यंत कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. घरी मात्र बनियन सापडत नाही. मी टॉवेल गुंडाळून कपाटासमोर उभा, आणि ही स्वयंपाकघरातून मागे वळूनही न बघता ओरडते, "डावीकडे, दुसऱ्या कप्प्यात, आईंच्या शालीखाली!" बनियन शालीखाली का, हे विचारायला वेळ नसतो. घरच्या वाणगावपासून कारखान्याच्या बोईसरपर्यंत एकच स्टेशन असलं तरी गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसा. 2013 साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्ही गाडीला हार घालायचंच बाकी ठेवलं होतं. पण लोकल आली म्हणजे दादरसारखी पाठोपाठ आली, असं नव्हे.

आमचं कपाट गोदरेजचं. म्हणजे केलंय बोईसरच्या एका कारागिराने, पण गोदरेजवाल्यांनी 1923 साली लोखंडी कपाटं काढली तेव्हापासून आपल्याकडचं झाडून सगळं लोखंडी कपाट गोदरेजच. आमचं उघडायला किल्ली लागते आणि बंद करायला गुडघा. चोर आलाच तर दार उघडताक्षणी कपड्यांखाली सापडेल, या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपतो.

अशात कारखान्यात फाइव्ह-एसचं प्रशिक्षण झालं. जपानी पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. पहिल्या पायरीलाच नको ती वस्तू वेगळी काढायची आणि तिला लाल टॅग लावायचा: वस्तूचं नाव, विभाग, कारण, सही. वर्षभर जी जागची हलली नाही ती नॉन-मूव्हिंग. तिची विल्हेवाट. मी लाल टॅगांचं एक बंडल खिशात घालून घरी आणलं. पुण्याहून मुलीने फोनवर भर घातली, "बाबा, ती आवराआवरी शिकवणारी जपानी बाई आहे ना, मारी कोंदो, तिचं बघा. एकेक कपडा हातात घ्यायचा, आनंद झाला तर ठेवायचा, नाही तर त्याचे आभार मानून निरोप द्यायचा." एकाच आठवड्यात दोन दिशांनी जपान चालून आला. याच मारी कोंदोबाईंनी तिसऱ्या मुलानंतर आवराआवरीपुढे हात टेकल्याचं 2023 साली जाहीर सांगितलं होतं, हे मुलीने मला नंतर सांगितलं.

दिवाळीआधी ही भाच्याच्या साखरपुड्याची यादी करायला चिंचणीला माहेरी गेली, आणि मी कपाटाला हात घातला.

सुरुवात आहेराच्या कप्प्यापासून. शर्टपीस-पँटपीसची खोकी आणि ब्लाऊजपीसची चळत. यातलं एकही कापड शिंप्याने पाहिलेलं नाही. हा माल वाणगाव, चिंचणी, डहाणू आणि पालघर या मार्गावर लग्न-मुंजींतून वर्षानुवर्षं फिरतोय. आमच्या भाषेत ट्रान्झिट स्टॉक. प्रत्येक खोक्यात कुणाकडून आलं त्याची चिठ्ठी होती. ज्याचं त्यालाच परत जाऊ नये, एवढ्यासाठी. मला त्या चिठ्ठ्या म्हणजे कचरा वाटला. सगळ्या काढून फेकल्या आणि खोकी रंगाप्रमाणे लावली. फिकटाकडून गडदाकडे. दिसायला अप्रतिम.

मग साड्या. वर्षभरात न हललेल्या साड्या बाजूला काढल्या तर कपाटात दोनच उरल्या. टॅग लावायला पेन उचललं आणि मला माझं सहजीवन आठवलं. टॅग खिशात गेले.

उरले माझे कपडे. पावसाळ्यात आमच्याकडे समुद्राची दमट हवा भिंतीतून घरात येते. डांबरगोळ्या तोवर उडून गेलेल्या असतात आणि कसरीची चंगळ चालते. तिला चव मोठी. लोकरीचा स्वेटर, रेशमी उपरणं, जे जे महाग ते ते तिने चाळणी करून ठेवलेलं. टेरिकॉटला मात्र ती तोंड लावत नाही. त्यामुळे कपाटात टिकून काय राहिलं, तर माझा लग्नातला बिस्किटी सफारी! मामेसासऱ्यांनी स्वतः कापड निवडून शिवून दिलेला. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या. ना चुरगळला, ना विटला. हातात धरला. आनंद झाला नाही, कारण पोटावरचं एकही बटण काजापर्यंत पोचेना. आभार मानले. टॅग भरला. वस्तू: सफारी. विभाग: स्टोअर. कारण: नॉन-मूव्हिंग. खाली माझी झोकदार सही. पँट शोधूनही सापडली नाही, तेव्हा नुसता वरचा भाग शेजारच्या तात्यांना देऊन टाकला. वाडीत काम करताना घालतील, अशी माझी समजूत.

ही परत आली, तिने कपाट उघडलं, एका बोटाने बंद केलं आणि विचारलं, "चिठ्ठ्या?" पुढचं सांगत नाही.

साखरपुड्यात जे व्हायचं ते झालंच. हिच्या आत्येबहिणीच्या यजमानांना आम्ही पॅकेट दिलं. ते त्यांनी तिथेच उघडलं, निरखलं आणि "घरी आलं म्हणायचं" एवढंच बोलून पिशवीत टाकलं. पण त्याआधी सकाळी आणखी एक प्रसंग गुदरला. हिचे मामा मुक्कामाला येणार म्हणून ही म्हणाली, "सफारी नुसता अंगावर अडकवा हो, बटणं उघडी राहू देत. त्यांना बरं वाटेल." मी घाईघाईने तात्यांची वाडी गाठली.

तात्यांची मिरची ऐन तोडणीला आलेली. वाणगावच्या मिरचीला मुंबईच्या बाजारात मान आहे, आणि पोपटांनाही ते ठाऊक आहे. वाडीच्या मधोमध, रस्त्याकडे तोंड करून, बांबूवर माझा सफारी उभा होता. वर मडकं. सगळी बटणं व्यवस्थित लावलेली. दवाने, उन्हाने त्याचं काही बिघडलं नव्हतं. छातीच्या खिशाला लाल टॅग फडफडत होता. गेले काही दिवस स्टेशनवर लोक मला "काय, उन्हातान्हात उभं राहावं लागतं म्हणे" असं का विचारत होते, त्याचा उलगडा झाला.

"काढणार नाही हां," तात्या म्हणाले. "हा लागल्यापासून पोपट फिरकला नाही. तो लाल कागद हलतो ना, त्याला बिचकतात. तुमची सही लय कामाची."

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. मामा उतरले, बांधावरून आत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टॅग हाताच्या अंतरावर धरला आणि विभागापासून सहीपर्यंत सावकाश वाचला. मी मिरचीचं एक रोप वाकून तपासत होतो. मामांनी बाही दोन बोटांत घेऊन चोळून पाहिली. चेहरा उजळला.

"बघा, कापड ओळखतो मी. अजून रंग धरून आहे," ते तात्यांना म्हणाले. मग बुजगावण्याची कॉलर सारखी केली, दोन पावलं मागे येऊन पाहिलं. "खाली मोकळं बरं दिसत नाही. याची पँट आहे. जावई संध्याकाळपर्यंत पाठवून देतील."